निगेटिव्ह रक्तगट आणि आईचं वजन: सुई किती, कुठे, कधी

समजा, महिन्याची ९ तारीख आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस, म्हणून बिलोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात सकाळपासून गरोदर बायकांची रांग लागली आहे. रांगेतल्या दोघींच्या कार्डावर सिस्टरने 'बी निगेटिव्ह' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. दोघींनाही सातवा लागलेला. एकीचं वजन ४१ किलो, दुसरीचं ८८. आणि दोघींना सांगितलेलं इंजेक्शन एकच: अँटी-डी, ३०० मायक्रोग्रॅम.

तापाचं औषध लेकराला वजन बघून पाजतात, भुलीचं औषध वजनावर ठरतं. मग दुपटीहून जास्त वजनाच्या बाईला आणि अंगावर मूठभर मांस नसलेल्या बाईला एकच माप कसं काय? हा प्रश्न रांगेतल्या सासूबाईंनाही पडतो आणि डॉक्टरांनाही पडलेला आहे. त्याचं उत्तर मात्र अर्धं 'वजनाशी संबंध नाही' असं आणि अर्धं 'वजनाशी फार संबंध आहे' असं आहे. घोटाळा होतो तो या दोन अर्ध्यांची सरमिसळ केल्यामुळे.

आधी थोडक्यात मूळ गोष्ट. लाल पेशींवर 'डी' नावाचा घटक असला की रक्त पॉझिटिव्ह, नसला की निगेटिव्ह. आपल्याकडे शंभरातली साधारण पाच माणसं निगेटिव्ह असतात, युरोपात पंधराच्या आसपास. आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह आणि पोटातलं बाळ बापावर गेलं, तर बाळंतपणात, गर्भपातात किंवा पोटाला मार बसल्यावर बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्या पेशींना परकं समजून अँटीबॉडी तयार करतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप येतं. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला होतो, कारण त्या अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचून त्याच्या लाल पेशी फोडतात. मग बाळाला रक्तक्षय, जन्मताच गडद कावीळ, अंगात पाणी साठणं, कधी पोटातच मृत्यू. 'पहिलं चांगलं झालं, पुढची टिकत नाहीत' ही गावोगावची जुनी कहाणी. ज्या घरात तिला करणी म्हटलं गेलं, तिथे काही वेळा तरी कारण एवढंच असणार.

काहीच उपचार न केल्यास, आई-बाळाचा ए-बी-ओ गट जुळत असेल तर अशा दर सहा बायकांपैकी साधारण एकीत अँटीबॉडी तयार होतात. बाळंतपणानंतर अँटी-डी दिलं की हे प्रमाण दीड-दोन टक्क्यांवर येतं. सातव्या महिन्यात, म्हणजे अठ्ठावीस आठवड्यांना, आणखी एक डोस दिला की ते हजारात दोन-तीन इतकं खाली जातं. औषधशास्त्रात इतक्या सरळ यशाच्या गोष्टी फार नाहीत.

जानेवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन गोर्मन या डॉक्टरने इंग्लंडमधल्या आपल्या भावजयीसाठी हे औषध पाठवलं, तेव्हा त्याला कुठेही मान्यता नव्हती. ती निगेटिव्ह होती आणि बाळंतीण झाली होती. मान्यता मिळायला पुढे १९६८ साल उजाडलं. त्याच सुमारास लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन हेही याच वाटेने गेले होते. आज सगळ्या पुस्तकांत पाठ असलेली '७२ तासांच्या आत' ही अटसुद्धा एका योगायोगातून आली आहे. न्यूयॉर्कच्या गटाने सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले, आणि तुरुंगाच्या शिस्तीमुळे त्यांना कैद्यांकडे हवं तेव्हा जाता येत नव्हतं. तपासून पाहिली गेली ती ७२ तासांची मुदत, म्हणून तीच नियमात आली. सांगायचं कारण असं की त्र्याहत्तराव्या तासाला औषध निकामी होतं असं नाही. बाळंतपणानंतरचे ७२ तास उलटून गेले म्हणून 'आता काय उपयोग' असं समजून घरी बसू नये. दहा दिवसांपर्यंत दिलं तरी काही ना काही संरक्षण मिळतं, आणि अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ तर २८ दिवसांपर्यंत द्यायला सांगतात. मात्र उशीर होईल तसा उपयोग कमी होत जातो, हेही तितकंच खरं.

आता वजनाकडे. अँटी-डीचं काम आईला काही देण्याचं नसून, आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी तिच्या शरीराला दखल घ्यायच्या आत हटवण्याचं आहे. त्यामुळे डोस ठरतो तो बाळाचं रक्त किती आलं यावर. ३०० मायक्रोग्रॅम औषध बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरतं. एवढं किंवा याहून कमी रक्त मिसळलं असेल, आणि बहुतेक बाळंतपणांत ते पुष्कळच कमी असतं, तर आई ४१ किलोची असो की ८८ ची, हा डोस पुरेसा आहे. म्हणून अमेरिकेत काय, ब्रिटनमध्ये काय, किंवा आपल्याकडे काय, वजन जास्त म्हणून डोस दुप्पट करा असं कोणतीही मोठी वैद्यकीय संस्था सांगत नाही. आणि बारीक बाईला 'एवढं कशाला, अर्धं द्या' असं म्हणण्यालाही काही आधार नाही. महाराष्ट्रात दर पाच स्त्रियांमागे एकीचं वजन उंचीच्या मानाने कमी भरतं आणि निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा अशक्त बाईला 'इंजेक्शन झेपेल का' ही शंका आपल्याकडे हमखास निघते. झेपतं. उलट तिच्या अंगात रक्त आधीच कमी, रक्त चढवायची वेळ आली तर निगेटिव्ह पिशवी शोधायची धावपळ. म्हणून तिच्या बाबतीत तर डोस चुकवणं जास्त महागात पडतं.

हे झालं पहिलं अर्धं उत्तर. दुसरं अर्धं सुईच्या टोकाशी आहे.

आपल्याकडे सर्रास मिळणारी अँटी-डी इंजेक्शनं स्नायूत द्यायची असतात. स्नायूत रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे औषध काही दिवसांत रक्तात उतरतं. स्नायूत दिल्यावर त्याची रक्तातली पातळी साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात वर पोचते. पण कातडी आणि स्नायू यांच्या मध्ये चरबीचा थर असतो. सुई त्या थरातच थांबली तर औषध तिथेच साठून राहतं आणि सावकाश, थोडंथोडं सुटत जातं. सिस्टर म्हणते 'स्नायूत दिलं', कार्डावर तसं लिहिलं जातं, आणि प्रत्यक्षात ते चरबीत गेलेलं असतं. बाळंतपणानंतरच्या डोसमध्ये ही दिरंगाई विशेष नको असते, कारण तिथे खरी शर्यत आईच्या शरीराने दखल घेण्याआधी पोचण्याची आहे.

ही नुसती भीती नाही. १९८२ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर माणसांच्या कमरेखालच्या चरबीचा थर मोजला. त्यांना आढळलं की साडेतीन सेंटीमीटरची सुई वापरली तर शंभरातल्या पाचही बायकांना ती खऱ्या अर्थाने स्नायूत पोचणार नाही. त्या बायका काही अवाढव्य नव्हत्या. पुढे अमेरिकेत हिपॅटायटिस बी ची लस कमरेला टोचलेल्या लोकांत नीट लागू पडत नाही असं दिसलं, आणि १९८५ मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेने ती मोठ्या माणसांना दंडातच द्या असं सांगितलं. अँटी-डीबद्दलही हाच अनुभव आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट म्हणतात की दंडाचा स्नायू योग्य आणि सुरक्षित. कमरेला दिलेली इंजेक्शनं बरेचदा कातडीखालीच राहतात.

व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी २००४ साली बाळंतिणींच्या रक्तातली अँटी-डीची पातळी मोजली, तेव्हा ती आईच्या वजनावर अवलंबून असल्याचं त्यांना दिसलं. वजन जास्त, तशी पातळी कमी. यात दोन गोष्टी एकत्र येतात. जास्त वजनाच्या बाईच्या अंगात रक्तही जास्त, त्यामुळे तेवढंच औषध जास्त जागेत पसरतं. आणि चरबीमुळे ते रक्तात उतरतंही हळू. शिवाय अँटी-डीची अर्धी मात्रा साधारण तीन आठवड्यांत संपते. अठ्ठावीस आठवड्यांना दिलेल्या डोसपैकी चाळिसाव्या आठवड्यापर्यंत जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. सुरुवातच कमी पातळीवर झाली असेल तर शेवटच्या आठवड्यांत हाती फार काही राहत नाही. पातळी कमी भरली म्हणजे अँटीबॉडी तयार झालीच असं मात्र नाही. म्हणूनच डोस वाढवण्याचा सरसकट नियम कुणी केलेला नाही, पण सुई कुठे आणि किती लांब याबद्दल सगळे बोलतात.

शिरेतून देता येणारी अँटी-डीही आहे. त्यातल्या रोफायलॅक नावाच्या औषधाच्या युरोपातल्या माहितीपत्रकात, आईचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३० किंवा जास्त असेल तर स्नायूऐवजी शिरेतून देण्याचा विचार करावा, कारण स्नायूतून परिणाम न होण्याचा धोका असतो, असं छापलेलं आहे. इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत: प्रत्येक अँटी-डी शिरेतून देता येत नाही. जे फक्त स्नायूसाठी आहे ते शिरेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. खोक्यावर आणि आतल्या कागदावर लिहिलेलं असतं, निर्णय डॉक्टरांचा. 'मोठ्या गावात शिरेतून देतात म्हणे' असं ऐकून औषधाच्या दुकानातून आणलेली कुपी सलाईनमधून सोडायचा आग्रह कुणी धरू नये.

बीएमआय ३० म्हणजे किती, हे आपल्या उंचीला लावून पाहिलं की अनेक घरांत धक्का बसतो. दीड मीटर, म्हणजे ४ फूट ११ इंच उंचीच्या बाईला ही रेघ साडेसदुसष्ट किलोला लागते. १४५ सेंटीमीटर उंचीला ६३ किलोलाच. १५५ ला ७२. पोस्टरवरची 'लठ्ठ' बाई डोळ्यांपुढे आणून 'आमच्या सुनेला तसं काही नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करावा. बीएमआय काढताना गरोदरपणाच्या सुरुवातीचं वजन धरतात, कारण नंतरच्या वजनात बाळ, वार, पाणी सगळं येतं. सुईची लांबी ठरवायला मात्र आजचं वजन आणि आजचा दंडच बघायचा.

सुईचा हिशेबही अवघड नाही. दंडातल्या इंजेक्शनसाठी अमेरिकेत लसीकरणाचा जो नियम आहे तो असा: ७० किलोपर्यंतच्या बाईला एक इंची सुई पुरते, ७० ते ९० च्या दरम्यान एक ते दीड इंच, आणि ९० च्या वर दीड इंच. आपल्याकडच्या साध्या दोन मिलीच्या सिरिंजला बहुधा एक इंची सुई लावलेली येते. ४१ किलोच्या बाईला ती भरपूर झाली, किंबहुना तिच्या बारीक दंडात जपून टोचायला हवी. ८८ किलोच्या बाईच्या दंडाला मात्र हात लावून बघायलाच हवं, आणि दीड इंची सुई बाजूला काढून ठेवलेली बरी. ती दुर्मिळ वस्तू नाही, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. फक्त ऐन वेळी ट्रेमध्ये नसते.

या सगळ्यात सर्वांत मोठी अडचण कुठली म्हणाल तर ब्लाउजची बाही. इंजेक्शन द्यायची जागा खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या फुगीर भागात. तंग बाही तिथवर सरकत नाही. मग एक तर कोपराच्या बाजूला, जिथे बाही संपते तिथे, सुई टोचली जाते, किंवा बाईच म्हणते, 'म्याडम, कमरेलाच द्या.' खोलीत पडदा नसतो, बाहेर दीर उभा असतो, आणि लुगड्याची निरी जरा सैल करणं ब्लाउज काढण्यापेक्षा सोपं वाटतं. म्हणून इंजेक्शनच्या दिवशी सैल बाहीचा ब्लाउज किंवा गाऊन घालून जावं. एवढ्या साध्या गोष्टीने औषध पोचण्याची शक्यता खूप वाढते. सिस्टरने कातडी चिमटीत धरून वर उचलायची नसते, उचलली की चरबीच वर येते; कातडी सपाट ताणून सुई सरळ, काटकोनात आत घालायची असते. आणि बाईने निःसंकोच सांगावं: 'सिस्टर, माझं वजन अठ्ठ्याऐंशी आहे, दंडातच द्या, आणि मोठी सुई आहे का बघा.' असं विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

वजनाचा आणखी एक परिणाम आहे, आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं. बाळाचं रक्त जास्त मिसळल्याची शंका आली की क्लायहाउअर नावाची तपासणी करतात. १९५७ साली जर्मनीत शोधलेली ही पद्धत: आईच्या रक्ताच्या थेंबात बाळाच्या पेशी किती टक्के आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. टक्के कळले की गुणाकार. पण गुणाकार कशाने? आईच्या अंगातल्या एकूण रक्ताने. आणि ते रक्त नेहमीच्या सूत्रात पाच लिटर धरलेलं असतं, बाई कोणतीही असो.

इथे ४१ आणि ८८ किलोचा फरक पडतो. समजा, दोघींच्या रक्तात बाळाच्या पेशी एक टक्का निघाल्या. सूत्राने दोघींचं उत्तर ५० मिलिलिटर. पण लहानखुऱ्या बाईच्या अंगात रक्त साडेतीन लिटरच असेल तर खरा आकडा ३५, आणि थोराड बाईच्या अंगात साडेसहा लिटर असेल तर ६५. ५० ला औषधाच्या दोन कुप्यांत भागतं असं वाटेल. ६५ ला दोन पुरत नाहीत. म्हणून कागदावरच्या उत्तरात आणखी एक कुपी वाढवून द्यायची पद्धत आहे, आणि अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेचं गणकयंत्र तर आईची उंची आणि वजन विचारूनच डोस सांगतं. इतकं जास्त रक्त मिसळणं क्वचित घडतं, हजार बाळंतपणांत दोन-चार वेळा. पण जुळी असतील, वार हाताने काढावी लागली असेल, वार आधीच सुटून रक्तस्राव झाला असेल, अपघात झाला असेल, किंवा सिझर अवघड गेलं असेल, तर शंका घ्यायलाच हवी. जास्त वजनाच्या बायकांत सिझरचं प्रमाणही जास्त असतं हे इथे लक्षात घ्यावं.

ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात होईल अशी अपेक्षा ठेवू नये. बिलोलीहून नांदेड दीड-दोन तासांवर, विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे. पलीकडे तेलंगणात बोधन-निजामाबाद जवळ. पण आईला हलवायची गरज नसते, तिच्या रक्ताची नळी गेली तरी चालते. नमुना घ्यायचा तो इंजेक्शनच्या आधी आणि बाळंतपणानंतर लवकर. नळीच्या चिठ्ठीवर नाव, वेळ याबरोबर वजन आणि उंचीही लिहायला सांगावी. आणि अहवाल येईपर्यंत पहिली कुपी रोखून धरायची नाही. ३०० मायक्रोग्रॅम लगेच द्यायचं, उरलेलं अहवाल आल्यावर.

बिलोली तालुक्यासारख्या ठिकाणी खरी गफलत वजनापेक्षाही वेळापत्रकात होते, हे मात्र मोकळेपणाने म्हणायला हवं. अठ्ठावीस आठवडे म्हणजे बरोबर सातव्या महिन्याचा मध्य. याच सुमारास ओटी भरतात, डोहाळजेवण होतं, आणि पहिलटकरीण माहेरी जाते. सासरच्या दवाखान्यात 'पुढच्या वेळी देऊ' म्हणून लिहिलेलं इंजेक्शन माहेरच्या डॉक्टरांना माहीतच नसतं. सीमेवरची सोयरीक असेल तर कार्ड तेलुगूत, आणि इकडे ते वाचणारं कुणी नाही. कुणाचा नवरा हैदराबादला बांधकामावर, कुणाचं कुटुंब साखर कारखान्याच्या फडावर. अशा वेळी कार्डाचा भरवसा धरण्यापेक्षा चार गोष्टी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवाव्यात: रक्तगटाचा कागद, शेवटच्या कूम्ब्स तपासणीचा अहवाल, इंजेक्शनच्या खोक्याची बाजू जिच्यावर मात्रा आणि बॅच छापलेली असते, आणि ज्या पानावर वजन लिहिलंय ते पान. रक्तगट ही इंग्रजी अक्षरांत आणि चिन्हांत लिहिली जाणारी गोष्ट आहे, ती तेलुगू कार्डावरही वाचता येते. डोहाळजेवणाचा दिवस ठरवताना आशाताईंना विचारून तो इंजेक्शननंतरचा ठरवला तर सगळ्यात उत्तम.

कूम्ब्सचं नाव निघालंच आहे तर तेही. इनडायरेक्ट कूम्ब्स म्हणजे आईच्या रक्तात अँटीबॉडी आधीच तयार झाल्या आहेत का, याची तपासणी. पहिल्या भेटीत आणि पुन्हा अठ्ठावीस आठवड्यांना, इंजेक्शनच्या आधी. ती निगेटिव्ह असेल तरच अँटी-डीचा उपयोग. पॉझिटिव्ह निघाली तर इंजेक्शन देऊन काही साधत नाही. मग बाळाच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाची डॉपलर सोनोग्राफी, आणि गरज पडली तर पोटातच बाळाला रक्त देण्याची सोय असलेलं मोठं केंद्र. इंजेक्शननंतर काही आठवडे मात्र हीच तपासणी किंचित पॉझिटिव्ह दिसते, कारण बाहेरून दिलेली अँटी-डीच रक्तात सापडते. तेव्हा घाबरून जाऊ नये, पण तपासणाऱ्याला इंजेक्शनची तारीख सांगावी.

नवऱ्याचा गटही तपासून घ्यावा. तोही निगेटिव्ह असेल तर बाळ निगेटिव्हच असणार. बाळ जन्मलं की नाळेतून रक्त घेऊन त्याचा गट बघतात. निगेटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतरचा डोस लागत नाही. पोटात असतानाच आईच्या रक्तावरून बाळाचा गट ओळखायची तपासणी डेन्मार्क, नेदरलँड्स अशा देशांत सर्रास होते, आपल्याकडे ती अजून मोजक्या ठिकाणी. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची जी राष्ट्रीय संस्था आहे, जिची सुरुवात १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून झाली, तिचं नाव या कामात घेतलं जातं. रक्तगटांच्या अभ्यासात मुंबईची परंपरा जुनी आहे. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला 'बॉम्बे रक्तगट' आजही जगभर त्याच नावाने ओळखला जातो.

गर्भपात झाला किंवा करून घेतला, तर? बारा आठवड्यांपर्यंत आपल्याकडे अजून ५० मायक्रोग्रॅमचा छोटा डोस द्यायची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मात्र बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपातात अँटी-डीची गरज नाही असं म्हटलं. मतं बदलत आहेत, तेव्हा आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. बारा आठवड्यांनंतर वाद नाही: द्यायचंच. गोळ्या घेऊन घरच्या घरी पोट मोकळं केलेल्या बाया दवाखान्यात येतच नाहीत, आणि पुढच्या गरोदरपणात कूम्ब्स पॉझिटिव्ह निघते तेव्हा ती गोष्ट बाहेर येते.

औषध मिळण्याबद्दल. अँटी-डी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपणाची औषधं, तपासण्या, रक्त हे सगळं मोफत असायला हवं. तरीही साठा संपतो. म्हणून आठव्या महिन्यातच विचारून ठेवावं की बाळंतपणाची कुपी आहे का. बाहेरून आणायची झाली तर एका कुपीला हजारांत पैसे जातात, आणि ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. नांदेडहून मे महिन्याच्या उन्हात एसटीने पिशवीत घालून आणलेली कुपी औषध राहत नाही. थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवून, पण कुपी बर्फाला थेट न टेकवता कागदात गुंडाळून आणावी. गोठली तरीही ती वाया जाते.

पूर्वी हे औषध फक्त माणसांच्या प्लाझ्मापासून बनायचं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी ११७३ वेळा रक्तदान केलं, २०१८ पर्यंत, आणि २०२५ मध्ये ते वारले. आता प्रयोगशाळेतल्या पेशींपासून बनवलेली मोनोक्लोनल अँटी-डीही मिळते, मुंबईची भारत सीरम्स ही कंपनी ती बनवते. सातव्या महिन्यात एका कंपनीचं आणि बाळंतपणात दुसऱ्या कंपनीचं मिळालं तर बिघडत नाही. फक्त दर वेळी मात्रा आणि देण्याची जागा खोक्यावरून पुन्हा वाचायची, कारण ५०, १५० आणि ३०० मायक्रोग्रॅमच्या कुप्या दिसायला सारख्याच असतात.

एकाहून जास्त कुप्या द्याव्या लागल्या तर त्या एकाच जागी न टोचता दोन्ही दंडांत वाटून देतात. दुसऱ्या दिवशी दंड दुखतो, थोडा सुजतो. शेकायची किंवा चोळायची गरज नाही. बाळाला अंगावर पाजायला कसलीही अडचण नाही. आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले, की आधीच्या कार्डावरचं वजन उतरवून न घेता काट्यावर नव्याने उभं राहायचं, दंड नव्याने बघायचा आणि कूम्ब्स पहिल्या भेटीतच करून घ्यायची.